पाळण्यातले पाय : मायनर लीगच्या क्रमवारीच्या कामाच्या नोंदी

२ नोव्हेंबर २०२४

वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम लढत, बुधवारी संपली. डॉजर्सनी यांकीजना पाचव्या सामन्यातच गुंडाळलं. आता मार्चपर्यंत बेसबॉल नाही. त्यात उद्या घड्याळं तासभर मागे जाणार, म्हणजे इथे आयोवातल्या सीडर रॅपिड्समध्ये संध्याकाळी पाचलाच अंधार.

पुण्याहून भाच्याचा फोन आला. तो स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. करतोय. म्हणाला, "मामा, तू दर उन्हाळ्यात त्या कर्नल्सच्या मॅचला जाऊन वह्या भरतोस. त्यातलं कोण वर जाणार हे आधी सांगता येतं का, ते तरी करून बघू." त्याला बेसबॉलचा गंध नाही, मला कोडिंग जेमतेम. कामाची वाटणी आपोआप झाली.

त्याच्यासाठी एकदा मांडून ठेवतो. मेजर लीगमध्ये ३० संघ. प्रत्येकाच्या खाली मायनर लीगच्या चार पायऱ्या: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. म्हणजे एकूण १२० संघ, आणि त्याखाली अगदी नवख्यांच्या रूकी लीग. कर्नल्स म्हणजे मक्याचे दाणे. हा आमच्या गावचा संघ मिनेसोटा ट्विन्सचा हाय-ए संघ आहे. अमेरिकन पोरं ड्राफ्टमधून (संघ दरवर्षी आळीपाळीने नवी पोरं निवडतात त्यातून) येतात, डॉमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलातली सोळा-सतराव्या वर्षी थेट करार करून. हजारोंनी चढायला लागतात. वर एका संघात जागा २६.

१० नोव्हेंबर

'यशस्वी' कोणाला म्हणायचं यातच आठवडा गेला.

भाच्याचं पहिलं उत्तर: मेजर लीगमध्ये एक सामना खेळला की झालं. मी म्हटलं, मग मार्क अ‍ॅपेल आणि माइक ट्राउटसारखा मोठा तारा एकाच रांगेत बसतील. अ‍ॅपेल २०१३ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला, २०१८ ला खेळ सोडून घरी बसला, २०२१ ला परत आला आणि २०२२ मध्ये तिशीत फिलीजकडून पहिल्यांदा वर खेळला. मोजून सहा सामने. माणूस म्हणून त्याची गोष्ट मला फार आवडते. पण ज्या संघाने देशभरातल्या पोरांत त्याला पहिला उचलला, त्याच्या खतावणीत ती रक्कम बुडीतच लिहावी लागते.

शेवटी डब्ल्यूएआर घेतला; बोलताना सगळे 'वॉर'च म्हणतात. कल्पना अशी, की हा खेळाडू उद्या नसता आणि त्याच्या जागी ट्रिपल-एमधून कुणीतरी स्वस्तातला आणला असता, तर संघाचे किती विजय कमी झाले असते. हंगामाला दोन म्हणजे बरा नियमित खेळाडू, पाच म्हणजे ऑल-स्टारच्या पंगतीतला, आठ म्हणजे एमव्हीपीची, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या किताबाची, चर्चा. दोन मोठ्या साइट्स हा आकडा आपापल्या पद्धतीने काढतात, आणि पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) बाबतीत तर चांगलाच फरक पडतो. आम्ही एक निवडली आणि भांडण मिटवलं.

ठरलेलं: होतकरूंच्या वार्षिक यादीत नाव पहिल्यांदा आल्यापासून आठ वर्षांत वॉर किती. त्याचे तीन कप्पे: आला-गेला (किंवा आलाच नाही), नियमित, तारा.

१७ नोव्हेंबर

कोड बाजूला ठेवून आज नुसती जुनी यादी काढली. 'बेसबॉल अमेरिका' १९९० पासून दर हिवाळ्यात पहिले शंभर प्रॉस्पेक्ट, म्हणजे होतकरू खेळाडू, जाहीर करतं. १९९० ते २०१७ या २८ वर्षांत पहिल्या क्रमांकावर कोण होतं, ते वहीत ओळीने लिहिलं. स्टीव्ह एव्हरीपासून अँड्र्यू बेनिन्टेंडीपर्यंत. अँड्रू जोन्स, जो मावर आणि ब्राइस हार्पर दोन-दोनदा पहिले, म्हणून नावं २५.

त्यात पुढे एमव्हीपी झालेले सहा: चिपर जोन्स, अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ, जॉश हॅमिल्टन, मावर, हार्पर, क्रिस ब्रायंट. पंचविसात सहा, हे वाईट मुळीच नाही. पण आपल्याकडे म्हणतात ना, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, तर या पंचवीस पाळण्यांत इतरही पाय दिसतात. १९९२ चा पहिला ब्रिएन टेलर. यांकीजनी त्याला १९९१ मध्ये साडेपंधरा लाख डॉलर देऊन घेतलं. डावखुरा, चेंडू नुसता सणसणत यायचा. डिसेंबर १९९३ मध्ये एका मारामारीत त्याचा खांदा फाटला आणि तो मेजर लीगमध्ये एकही चेंडू टाकू शकला नाही. २००० चा पहिला रिक अँकिएल. त्याच वर्षी प्लेऑफ्समध्ये त्याचा हात एकाएकी ऐकेनासा झाला, चेंडू कॅचरच्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर जायला लागले. दुखापत काही नव्हती. २००७ मध्ये तो परत आला तो पिचर म्हणून नव्हे, आउटफिल्डर म्हणून! अशा माणसाला तीनपैकी कुठल्या कप्प्यात टाकायचं?

हॅमिल्टन २००१ चा पहिला. व्यसन, बंदी, तीनेक वर्षं मैदानाबाहेर. २००७ ला कुठे पहिला सामना, २०१० ला एमव्हीपी. आमच्या आठ वर्षांच्या खिडकीत ते एमव्हीपीचं वर्ष येतच नाही. भाचा म्हणाला, खिडकी मोठी करू. मी नको म्हटलं. सहा वर्षांच्या सेवेनंतर खेळाडू मोकळा होतो. ज्या संघाने वाढवला त्याला फळ मिळालं का, हा प्रश्न आहे. हॅमिल्टनचं फळ त्याला आधी निवडणाऱ्या टँपाला मिळालं नाही, टेक्ससने खाल्लं.

२००७ चा पहिला दाइसुके मात्सुझाका. २६ वर्षांचा, जपानमध्ये नाव कमावून आलेला. मायनर लीगचे आकडे शून्य. ही ओळ गाळली.

२४ नोव्हेंबर

आज रांचो कुकामोंगा. या नावावर भाचा पाच मिनिटं हसत होता.

कॅलिफोर्निया लीगमधला हा संघ २०१० पर्यंत एंजल्सचा होता. २००५ मध्ये ब्रँडन वूडने इथे ४३ होमरन मारले. वय २०, जागा शॉर्टस्टॉप. २००६ च्या यादीत तो देशात तिसरा. पाच वर्षांनी, २०१० मध्ये, याच संघात ट्राउट आला. त्याचं वर्ष आमच्याच गावात सुरू झालं होतं. सीडर रॅपिड्स तेव्हा एंजल्सचा संघ. अठरा वर्षांच्या ट्राउटने इथे ८१ सामन्यांत .३६२ ची सरासरी (म्हणजे हजार संधींत ३६२ यशस्वी फटके) राखली आणि ४५ बेस चोरले. (त्या वर्षी मी इथे नव्हतो. हे दुःख वेगळं.) त्या हंगामाआधी तो यादीत ८५ वा होता, हंगामानंतर दुसरा.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ट्राउट २०१२ मध्ये एकमताने रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवखा. वूड मेजर लीगमध्ये २७२ सामने खेळला, सरासरी .१८६.

"मामा, मग ४३ होमरन खोटे होते का?"

खोटे नव्हते, पण जागेचे होते. कॅलिफोर्निया लीगमधली काही मैदानं वाळवंटात. लँकेस्टरला वारा असा सुटतो की साधा उंच उडालेला चेंडू कुंपणापलीकडे. त्यामुळे प्रत्येक आकड्याला लीगच्या सरासरीने भागायचं हे आधीच ठरलं होतं. पण तेवढ्याने भागत नाही. याच लँकेस्टरला २०११ मध्ये होजे अल्टुवे ५२ सामन्यांत .४०८ ने खेळत होता. उंची साडेपाच फूट. व्हेनेझुएलात पहिल्या चाचणीला त्याला बुटका म्हणून घरी पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला तेव्हा १५,००० डॉलरवर करार झाला. वारा दोघांनाही मिळाला. आम्ही वाऱ्याचा दंड लावला की दोघंही सारखेच खाली येतात, आणि अल्टुवे तर २०१७ चा एमव्हीपी!

फरक स्ट्राइकआउटच्या (तीन स्ट्राइक होऊन बाद होण्याच्या) रकान्यात सापडला. वूड जवळजवळ दर सामन्याला एकदा असा बाद होत होता. अल्टुवेची बॅट चेंडूला चुकतच नव्हती. वाऱ्यामुळे होमरन वाढतात, चेंडूला बॅट लागणं वाढत नाही. शिवाय सरासरी स्थिरावायला हंगामच्या हंगाम जातात, स्ट्राइकआउटचं प्रमाण त्या मानाने लवकर खरं बोलायला लागतं.

खूश होऊन फोन ठेवणार, तेवढ्यात भाचा म्हणाला, "पण अल्टुवे आपल्या तक्त्यातच नाहीये."

खरंच नव्हता. आम्ही तक्ता शंभरांच्या याद्यांवरून बांधला आणि अल्टुवे त्या शंभरात कधीच आला नाही. त्याच्यासारख्या इतरांचीही तीच गत. ज्यांना सगळे चुकले, नेमके तेच आमच्या अभ्यासाबाहेर. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून: यादी सोडून हाय-ए आणि डबल-एमधला प्रत्येक नियमित बॅटर घ्यायचा.

८ डिसेंबर

नवा तक्ता तयार. पिचर तूर्त वगळले. 'पिचिंग प्रॉस्पेक्ट नावाची वस्तूच नसते' असं या धंद्यातले लोक अर्धवट थट्टेत म्हणतात. कोपराला टाका पडला की दीड वर्ष गेलं.

१५ डिसेंबर

त्या तक्त्यावर उभं केलेलं मॉडेल म्हणतंय की २०२१ नंतर कॅलिफोर्निया लीगमधली सगळी पोरं वयाने फारच लहान आणि म्हणून सगळी होतकरू. एवढे हिरे एकदम कुठून निघाले?

कुठूनही नाही. २०२१ ला मायनर लीगची फेररचना झाली तेव्हा कॅलिफोर्निया लीग हाय-एवरून सिंगल-एवर उतरली आणि आमची मिडवेस्ट लीग सिंगल-एवरून हाय-एवर चढली. वर त्या एका वर्षी लीगची जुनी नावंच काढून 'लो-ए वेस्ट', 'हाय-ए सेंट्रल' असली सरकारी नावं दिली, आणि २०२२ ला जुनी परत आणली. आम्ही पायरी नावावरून ओळखत होतो. आता वर्ष आणि नाव मिळून ओळखतो. दोन रात्री गेल्या.

२०२० चं काय करायचं तेही आजच ठरवलं. कोविडमुळे मायनर लीगचा हंगाम झालाच नाही. पोरांची वयं वाढली, आकडे नाहीत. तिथे शून्य टाकलं तर मॉडेलला वाटतं सगळे वर्षभर झोपले होते. रिकामं ते रिकामंच ठेवलं.

५ जानेवारी २०२५

नवीन वर्षाचा पहिला निकाल इतका सुंदर आला की दोघंही घाबरलो. कोण तारा होणार हे मॉडेल जवळपास बिनचूक सांगत होतं.

"मामा, एवढं चांगलं येणं म्हणजे काहीतरी चोरी आहे."

चोरी वजनाच्या रकान्यात सापडली. खेळाडूंच्या पानावरून उंची-वजन उचललं होतं. ते वजन आजचं! जो मेजर लीगमध्ये दहा वर्षं टिकला त्याच्या पानावर तिशीतलं, कमावलेलं वजन. जो एकोणिसाव्या वर्षी घरी गेला त्याच्या पानावर सही करतानाचं. मॉडेलने ताकदबिकद काही ओळखली नव्हती. कोणाचं पान पुढे कुणीतरी दुरुस्त करत राहिलं, एवढंच त्याने ओळखलं. माणसाचं लग्न झालंय की नाही हे त्याच्या पत्रिकेवरून न सांगता हातातल्या अंगठीवरून सांगावं, तशातली गत. रकाना काढला. निकाल धाडकन खाली, आणि आम्हाला हायसं वाटलं.

१२ जानेवारी

भाच्याशी अर्धा तास क्रिकेट. अमोल मुजुमदार मायनर लीगमध्ये असता तर आपल्या यंत्राने काय सांगितलं असतं, हा त्याचा प्रश्न. रणजी पदार्पणात २६०, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा, ३० शतकं, आणि भारताची टोपी कधीच नाही. मी म्हटलं, यंत्राने तारा म्हटलं असतं आणि यंत्र खेळाबाबत बरोबरच असतं. पण त्या काळात मधल्या फळीत द्रविड, गांगुली, लक्ष्मण, सचिन बसलेले. जागाच रिकामी नसणं हे खेळाडूच्या आकड्यांत कुठे दिसतं? बेसबॉलमध्ये निदान ३० संघ आहेत. एकाने अडवलं तर दुसरा घेऊन जातो. तरी 'वरच्या संघात याची जागा किती वर्षं अडलेली आहे' असा रकाना करून पाहिला. फारसा उपयोग झाला नाही, पण भाच्याचं समाधान झालं.

९ फेब्रुवारी

क्रमांक द्यायचे की टक्के, यावर वाद. भाचा टक्क्यांच्या बाजूने, आणि त्याचंच खरं. पहिल्या आणि दहाव्या क्रमांकात दरी असते; साठाव्या आणि नव्वदाव्यात काही नसतं. यादी मात्र दोन्हीकडे सारख्याच पायऱ्या दाखवते. स्काउट लोक, म्हणजे मैदानांवर जाऊन खेळाडू हेरणारे, हे आधीपासून जाणतात. त्यांची २० ते ८० ची मोजपट्टी आहे: ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी, आणि दर दहाला एक प्रमाण विचलन. ७० म्हणजे शंभरात दोन-तीनच. ८० रोज दिसायला लागला तर चष्मा बदलायचा.

टक्के दिले की शिक्षाही मोजता येते. 'तारा होण्याची शक्यता ३० टक्के' म्हटलं आणि झाला, तर (०.३ − १) चा वर्ग, ०.४९. नाही झाला तर ०.०९. सगळ्यांची सरासरी काढायची, जितकी कमी तितकं बरं. याला ब्रायर स्कोअर म्हणतात. मला ही पद्धत एकदम पटली, कारण तिच्यात छातीठोक बोलणाऱ्याला जास्त मार पडतो.

२ मार्च

निकाल. बारा रकाने घालून केलेलं आमचं मॉडेल आणि नुसतं 'पायरीच्या मानाने वय, स्ट्राइकआउट आणि वॉक (चार वाईट चेंडू सोडून मिळालेला फुकटचा बेस)' एवढंच असलेलं पोस्टकार्डावर मावेल असं गणित, यांच्यात नखभर फरक. चार महिने नखभरासाठी. मात्र स्काउटांच्या यादीतला क्रमांक एक रकाना म्हणून आत घातला, की दोन्ही लगेच सुधारतात. म्हणजे मैदानावर बसून बघणाऱ्या माणसाला आकड्यांपलीकडचं काहीतरी दिसतं.

की दिसत नाही? भाच्याने शंका काढली ती अशी: वरचा क्रमांक आणि करार करताना मोठा बोनस मिळालेल्या पोराला संघ जास्त संधी देतो. तो दोन वर्षं चाचपडला तरी थांबतात. पंधरा हजारवाल्याला दोन महिन्यांत घरी पाठवतात. मग क्रमांकाने भविष्य ओळखलं की घडवलं? २०२२ पासून तर हे नियमातच आलंय. ठरावीक तीन याद्यांपैकी दोनांत पहिल्या शंभरात असलेला नवखा सुरुवातीपासून संघात ठेवला आणि तो रूकी ऑफ द इयर झाला, तर त्या संघाला ड्राफ्टमध्ये जादा निवड मिळते. सिअ‍ॅटलला हुलिओ रॉड्रिगेझमुळे मिळाली. क्रमांक लिहिणाऱ्याच्या लेखणीला आता दोरी बांधलेली आहे आणि तिचं दुसरं टोक करारात आहे. हा गुंता आम्हाला सुटलेला नाही. टक्क्यांच्या शेजारी 'बोनस धरून' आणि 'बोनस न धरता' असे दोन आकडे ठेवतो.

१ एप्रिल

एप्रिल फूल नाही: जुरिक्सन प्रोफारवर काल ८० सामन्यांची बंदी, निषिद्ध औषधासाठी. २०१३ च्या यादीतला पहिला. खांद्यामुळे २०१४ आणि २०१५ ही दोन वर्षं गेली, मग संघामागून संघ, आणि २०२४ ला ३१ व्या वर्षी कुठे पहिल्यांदा ऑल-स्टार. गेल्याच महिन्यात मी भाच्याला उत्साहाने सांगितलं होतं, बघ, बारा वर्षांनी का होईना यादी खरी ठरली. त्याचा संदेश फक्त एवढाच: "मामा, खिडकी मोठी करू नको म्हणालास ते बरं झालं."

१९ एप्रिल

यंदा पहिल्यांदा मैदानावर. थंडी अशी की हातमोज्यातून पेन्सिल धरत होतो. होम प्लेटच्या मागे तीन स्काउट. रडार गन, स्टॉपवॉच, मांडीवर वह्या. त्यांच्या मागच्या रांगेत मी, माझी वही आणि फोनचं स्टॉपवॉच. स्वतःचंच हसू आलं.

पाहायचा होता आमच्या तक्त्यातला १७ क्रमांकाचा पोरगा. एकोणीस वर्षांचा, हाय-एमध्ये सगळ्यात लहानांपैकी. नाव लिहीत नाही. त्याच्यावर आमच्यासारख्यांचा आणखी बोजा कशाला. २०२३ च्या करारात या पायरीवर वर्षाला किमान २७,३०० डॉलर ठरले. त्याआधी ११,००० होते.

पहिल्या वेळी त्याने जमिनीवर मारला आणि पळाला. घरापासून पहिल्या बेसपर्यंत नव्वद फूट. माझ्या फोनवर ४.४. उजव्या हाताने खेळणाऱ्याला ४.३ म्हणजे साधारण ५०, म्हणजे हा त्याच्या जरासा खाली. पुढच्या स्काउटच्या घड्याळात डोकावलो, ४.३४. माझा अंगठा म्हातारा झालाय.

लक्षात राहिली ती तिसरी वेळ. दोन स्ट्राइक. पिचरने स्लायडर टाकला, मधोमध निघालेला, शेवटच्या क्षणी बाहेर वळणारा. पोराची बॅट निघाली. खांदा वळला, पुढचा पाय टेकला, आणि मनगटं थांबली. बॅट प्लेटच्या अलीकडेच राहिली. बॉल. पुन्हा तोच चेंडू, पुन्हा थांबला. मग वैतागून पिचरने फास्टबॉल टाकला आणि त्याने तो उजव्या बाजूला साधा एकेरी ढकलला.

स्कोअरकार्डात ती वेळ 'एक हिट' एवढीच. तिन्ही स्काउटांनी मात्र ती मनगटं थांबली तेव्हा लिहिलं, चेंडू ढकलला तेव्हा नाही. रात्री भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, हा रकाना आहे, झोनबाहेरच्या, म्हणजे सोडून द्यायच्या चेंडूवर किती वेळा बॅट फिरवली त्याचा. ट्रिपल-एचा असला डेटा २०२३ पासून सगळ्यांसाठी खुला आहे, हाय-एचा मिळत नाही. "तोपर्यंत तूच तो रकाना, मामा."

मग तोही रकाना ठेवला: 'मामाने मोजलेले थांबे'. सध्या एकच सामना.

१४ जून

१७ क्रमांकाला वर बोलावलं. डबल-ए, विचिटा. त्याचे टक्के बढतीच्या आदल्या रात्रीच गोठवून ठेवले होते, नाहीतर बढतीच आकड्यात शिरली असती: तारा ११, नियमित ३४, उरलेले आला-गेलाच्या कप्प्यात. फाइल भाच्याकडे बंद. २०३३ पर्यंत उघडायची नाही असं ठरलंय.

संध्याकाळी मैदानावर त्याच्या जागी नवा पोरगा. ढगळा शर्ट, पाठीवर अजून नाव नाही. पहिल्याच वेळी बाहेर जाणाऱ्या स्लायडरमागे बॅट फिरली ती फिरलीच. वहीत नवं पान काढलंय. जन्मतारीख शोधायची आहे.